महालक्ष्म्यांची पेटी

ब्राह्मणपारा, रायपूर
९ सप्टेंबर २००४

चि. सौ. मंजिरीस,

मंदाकिनीचा आशीर्वाद. विशालभाऊजींना नमस्कार सांग. पोट्ट्यांना सांग, मोठी आई आठवण काढते.

सासूबाईंसाठी घर तयार झालं का, असं तू फोनवर विचारलं होतं. झालं. आता आईंना रविवारी आणायला हरकत नाही. पलंग समोरच्या खोलीत टाकला, म्हणजे पडल्यापडल्या गल्लीतलं येणंजाणं दिसेल. न्हाणीत धरायला दांडी बसवली. पाय अडखळू नये म्हणून शालिग्राम सुताराकडून उंबरठा तासून घेतला. जुनं सागवान, तोही हळहळत होता. रायपूर राजधानी झाल्यापासून सुतार मिळत नाही बाई, सगळे साहेबलोकांच्या बंगल्यांवर.

होळीनंतर आईंना लकवा मारला, तेव्हापासून तुमच्या नागपूरच्या लकव्याच्या उपचार केंद्रात पाठवेपर्यंत मीच त्यांना भरवत होती. केंद्रात त्यांच्या तोंडून पहिला नीट शब्द निघाला तो ‘मंदा’, हे तूच सांगितलं. मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

परवा वाटलं, त्या यायच्या आत महालक्ष्म्यांचे मुखवटे चिंचेनं घासून ठेवावे. यंदा पलंगावरून दिसतील अशा बसवू. पेटी उघडली. साड्या होत्या, बांगड्या होत्या, पितांबर होता. मुखवटे नव्हते.

मी सुखमतीवर आळ घेतला, मंजिरी. इतकी वर्षं आपल्याकडे भांडी घासते ती. “नइ लेंव दीदी, नइ लेंव,” म्हणत रडत राहिली. तेव्हा हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “उगीच तिले बोलू नको. आईनं मागच्या दिवाळीले मंजिरीले दिले.”

मागच्या दिवाळीले. म्हणजे मी घास भरवून राहिली होती तेव्हाही पेटी रिकामीच होती. ह्यांना माहीत, भाऊजींना माहीत, तुले तर माहीतच. मी विचारलं, थोरल्या घरच्या महालक्ष्म्या धाकटीकडे काहून? तर म्हणे, “लेकुरवाळीच्या घरी शोभतात, असं आई म्हणाली.”

मले मूल नाही हे आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. आई बोलल्या असत्या, तर मीच ते मुखवटे पितांबरात गुंडाळून तुझ्या ओटीत घातले असते. रडली असती, पण घातले असते.

अन् तू? मागच्या हप्त्यात लाडात येऊन विचारलं, “ताई, आंबिलीचं प्रमाण सांगा ना.” मी भोळी, ताकात ज्वारीचं पीठ किती अन् खोबरं केव्हा, सगळं सांगत बसली. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची आंबील विचारताना तरी तुझी जीभ कशी अडखळली नाही?

सुखमतीचे हात धरून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. तिचं मन मोठं, माझं तेवढं नाही.

रविवारी आईंवरून भाकरतुकडा मीच ओवाळून टाकीन. न्हाऊ घालीन, भरवीन, त्यात कसूर होणार नाही. त्यांचं बोलणं सुधारलं की एकदा विचारीन, माझ्यापासून काहून लपवलं. पण आईंना भाऊजींनी एकट्यानं आणावं. तू येऊ नको. उंबरठा मी त्यांच्यासाठी तासला आहे, तुझ्यासाठी नाही.

मंदाकिनी

(आजपासून ताई म्हणू नको.)