तिवर पुन्हा उघडलं, ताई

माकुणसार,
गुरुवार दुपार

प्रिय दीपाताई,

पाकिटावरचं माझं अक्षर तू लगेच ओळखशील, आणि फोन सोडून ही सोमी पत्र का लिहीत बसली, असंही तुझ्या मनात येईल. तीन वर्षांत आपण फोनवर बोललो, नाही असं नाही. दिवाळीला बोललो, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बोललो. पण नाशिकची थंडी, तुझ्या भावाची नातवंडं, आमच्याकडचा पाऊस, एवढ्यावर आपला फोन संपायचा. केंद्राचं तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आज सगळं सांगणार आहे. वाचता वाचता राग आला तर पत्र बाजूला ठेव, पण फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच.

तिवर पुन्हा उघडलं, ताई. आपलं खाडी दाखवायचं केंद्र, गेल्या डिसेंबरात. निमंत्रण तुला गेलं होतं, ते मीच लिहिलं होतं. तू आली नाहीस आणि तू येणार नाहीस हे मला माहीत होतं, तरी सकाळपासून सफाळ्याहून येणारी प्रत्येक रिक्षा मी वाकून बघत होते. फीत नव्हती, मंडप नव्हता. पहिली फेरी आमच्या पाड्याच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुलांची होती. पंचेचाळीस मुलं. का, ते पुढे सांगते. त्यांच्या मागून माझा बाबा जिव्याही आला. तो कधी शर्टाची वरची गुंडी लावत नाही हे तुला ठाऊक आहे, त्या दिवशी लावून आला होता. खाडीकाठच्या तिवराच्या झाडांतून सहाशे मीटरची उंच फळ्यांची वाट बांधली आहे, ती तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, परत आला आणि म्हणाला, "पाय चिखलात नाय गेला, तरी खाजणात जाऊन आलो." मग तो मिठाच्या जुन्या गोदामाच्या पायरीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत हललाच नाही. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता, ही वाट माझ्या पोरीने बांधली.

मी एकटीने बांधली नाही, पण मला त्याला थांबवावंसं वाटलं नाही.

गोदाम तसंच आहे, ताई. तुझ्या दोन खोल्या होत्या तशा ठेवल्या, फक्त कौलं बदलली. तुझं वाळवलेल्या पानांचं कपाटही तिथेच आहे. त्याच्या मागे नवी इमारत आहे, दोन मोठी दालनं, प्रयोगशाळा, आणि मुक्कामाला चाळीस मुलं झोपू शकतील एवढी जागा. रोपवाटिका पूर्वीच्या तिप्पट झाली. काम चालू होतं ते दीड वर्ष मात्र सोपं गेलं नाही. बगळ्यांची घरटी पावसाळ्यात असतात म्हणून जून ते सप्टेंबर खांब ठोकायचे नाहीत, ही अट मी करारात घालायला लावली. ठेकेदार हसला. पण लिहिलं त्याने. मग फेब्रुवारीत एका सकाळी मी पोहोचते तो त्याची माणसं यंत्र आत न्यायला पूर्वेकडच्या तिवराला दोऱ्या बांधून उभी. अकरा झाडं कापायची ठरली होती. मी त्यांना तोंडाने सांगून पाहिलं. नंतर त्या झाडांच्या आणि यंत्राच्या मध्ये जाऊन बसले. तासाभरात शिवल्यांचे शिंपले काढायला निघालेली खाडीकाठची जमनावहिनी आली, तिने टोपली खाली ठेवली आणि काही न विचारता माझ्या शेजारी बसली. दुपारपर्यंत आम्ही चौदा बायका होतो, निम्म्या खाडीच्या आणि निम्म्या डोंगराच्या. नऊ दिवस काम बंद राहिलं. समितीतला धीरज बोईसरहून रोज फोन करायचा, की सोमी, निधी देणारे विचारतायत. मी म्हटलं, त्यांना इथे घेऊन ये. दहाव्या दिवशी यंत्र जुन्या बांधावरून फिरवून आणलं. खर्च वाढला, वेळ वाढला. झाड एकही गेलं नाही.

हे मी कुठे शिकले, ते तुला सांगायला नको. एकोणीस वर्षांची होते मी, रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला रोजंदारीवर आले होते. तू शाळेच्या पोरांना एक वेल दाखवून लॅटिन नाव सांगत होतीस आणि मी मागून म्हटलं, की बाय, तो खायचा वेल हाय, तू सांगतेस तो नाय. सगळे हसले. तू हसली नाहीस. तू खाली वाकलीस, पान चुरगाळून वास घेतलास आणि म्हणालीस, ती बरोबर आहे. दुसऱ्या दिवसापासून मी माती भरायचं सोडून तुझ्याबरोबर फिरायला लागले. घरी आम्ही सगळ्यांनाच 'तू' म्हणतो म्हणून तुलाही म्हटलं, तेव्हा बाकीच्यांनी डोळे वटारले, तू मात्र म्हणालीस, बदलू नकोस. सतरा नंबरचा फॉर्म भरून तू मला दहावीला बसवलंस, पुढे बारावीला. माझ्या गणिताच्या पेपराला पालघरला बाहेर उन्हात तीन तास तू उभी होतीस. हे सगळं मी विसरले असते तर मला आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता ती सभा. आपण दोघी धरून सात जणांची समिती, आणि धीरजने आणलेला प्रस्ताव. बोईसरचे काही कारखाने मिळून पैसे देणार, केंद्र मोठं होणार. तू उभी राहिलीस आणि एवढंच म्हणालीस, की खाडी बिघडली तेव्हा जे गप्प बसले त्यांच्या पैशाने खाडी दाखवायची नाही, आणि इथे दिवसाला वीसच्या वर माणूस आला तर दिसण्यासारखं काही उरणार नाही.  मग चिठ्ठ्या टाकल्या. चार होकाराच्या निघाल्या आणि तीन नकाराच्या. तू तिथल्या तिथे राजीनामा लिहिलास. मी तुझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. तू कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवलीस, माझी मूठ मिटलीस आणि म्हणालीस, "आपण दोघी हरलो, सोमी." मी खाली बघत राहिले. रिक्षा वळेपर्यंत मी तशीच उभी होते.

तू म्हणालीस त्यातलं काही खरं ठरलं, तेही लिहिते. उघडल्यानंतर दोन महिन्यांत वाटेच्या पहिल्या दोनशे मीटरवर चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या दिसेनाशा झाल्या. पायांचा आवाज त्यांना सोसवेना. आम्ही तो भाग आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवायला लागलो, तुकड्या लहान केल्या, फळ्यांखाली रबर घातलं. एप्रिलपर्यंत त्या परतल्या, सगळ्या नाहीत. मी दर सोमवारी मोजते, तू शिकवलेल्या पद्धतीने, काठी रोवून. आणि कारखान्यांचं नाव फाटकावर नाही. ते मागत होते. मी म्हटलं, नाव नको, दर महिन्याला खाडीचं पाणी आम्ही तपासू आणि निकाल फाटकावर लावू, तो तुम्हीही वाचा. धीरजने त्यांना कसं पटवलं ते त्यालाच माहीत. पण निकाल लागतो. वाईट आला तरी लागतो. पावसाआधी दोनदा वाईट आला होता आणि दोन्ही वेळा मी स्वतः खडूने लिहिला.

आता रोज दीडशे माणूस येतं, ताई. तारापूरच्या वसाहतीतल्या शाळा येतात, घिवलीची येते, वैतरण्याकडची येते. वाट दाखवायला आम्ही अकरा जण आहोत, त्यात सहा जणी पाड्यांवरच्या. पूर्वी दिवाळी झाली की त्यांच्या घरांना कडी लागायची आणि अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जायचं. यंदा त्या सहाही घरांत दिवा होता आणि पोरं शाळेत होती. जमनावहिनी आठवड्यातून तीन दिवस शिवल्या, कालवं, जाळी यांवर बोलते, आणि तिच्यापुढे मुलं जेवढी गप्प बसतात तेवढी माझ्यापुढेही बसत नाहीत. रविवारी बोईसरचे कामगार येतात, बायकामुलांना घेऊन. उत्तरेकडचे पुष्कळ. एक जण भरती चढताना बघून घाबरला आणि हिंदीत विचारू लागला, की हे पाणी असं रोज येतं का. दहा वर्षं तो बोईसरला आहे, आणि समुद्र इतका जवळ आहे हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. जमनावहिनी त्याला म्हणाली, "दिसातून दोनदा येतं, बाबा. आमी त्याच्याच येळेवर जेवतो." त्याला किती कळलं कोण जाणे. पुढच्या रविवारी तो आणखी तीन घरं घेऊन आला.

आता पहिली फेरी पाड्याच्या शाळेची का, ते. सभेच्या आधीच्या जानेवारीत त्याच शाळेचा टेम्पो फाटकाशी येऊन थांबला होता. तुला आठवत असेल किंवा नसेलही, कारण तुझ्यासाठी तो नेहमीसारखाच दिवस होता. मास्तरांनी आधी नाव नोंदवलं नव्हतं. नोंदणी कॉम्प्युटरवरून करावी लागायची आणि त्यांच्या शाळेत वीजही धड नव्हती. पंचेचाळीस मुलं होती. तू नियमाप्रमाणे वीस आत घेतलीस. पंचवीस टेम्पोत बसून राहिली, उन्हात, दोन तास. तू चुकलीस असं मी आजही म्हणत नाही. नियम तुझा होता आणि तो खाडीच्या भल्यासाठी होता. पण मी त्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा ती माझ्या भाषेत बोलत होती. त्यांतली एक माझ्या चुलत बहिणीची पोर. तिने मला विचारलं, "आत काय हाय, मावशी?" आणि मी सांगू लागले. तिवर सांगितलं, चिंबोऱ्या सांगितल्या, बगळे सांगितले, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की हे सगळं त्या पोरीच्या गावापासून दोन तासांच्या पायवाटेवर आहे आणि तरी ते मी तिला फाटकाबाहेर उभी राहून सांगते आहे. वर्षभर आपल्या नोंदवहीत कोणत्या शाळा असायच्या ते मी त्या संध्याकाळी पान उलटून पाहिलं. ज्यांच्याकडे बस होती, कॉम्प्युटर होता, त्या. मी पिशव्या भरायला आले नसते तर मीही या फाटकातून कधी आत शिरले नसते.

परवा समितीने मला केंद्रप्रमुख नेमायचं ठरवलं. सगळ्यांनी एकमताने. मी विचारलं, माझ्यापेक्षा शिकलेल्यांचे अर्ज आलेत, मग मीच का. तेव्हा धीरजने फाइलमधून तुझं पत्र काढून पुढे ठेवलं. राजीनाम्यानंतर चार दिवसांनी तू समितीला पाठवलेलं, ते मी तोवर पाहिलं नव्हतं. तू लिहिलं आहेस, की केंद्र मोठं करायचंच असेल तर सोमीच्या हाती द्या, ती शेवटपर्यंत माझ्याबरोबर उभी राहिली. मी ते तिथेच वाचलं आणि नेमणुकीच्या कागदावर सही करायला दोन दिवस मागून घेतले. सगळ्यांना वाटलं, मी घाबरले.

ताई, होकाराच्या चार चिठ्ठ्यांतली एक माझी होती. मी तुझ्याबरोबर उभी नव्हते. फाटकात तू माझी मूठ मिटलीस तेव्हाच मी सांगायला हवं होतं, पण तू जातच होतीस आणि माझ्याने ते झालं नाही. दर दिवाळीला फोनवर तेच ओठांवर यायचं आणि मी पावसाचं बोलायचे. मला त्या चिठ्ठीचा पश्चात्ताप नाही. आज पुन्हा चिठ्ठी हातात आली तर मी तेच लिहीन, आणि झाडांपुढे पुन्हा तशीच बसेन. पण तुझ्या शिफारशीवर मी ती खुर्ची घ्यावी आणि तुला खरं माहीत नसावं, हे मला जमणार नाही. तुला तुझा शब्द मागे घ्यायचा असेल तर समितीला तसं कळव, मी स्वतः ते सभेत वाचून दाखवीन. त्यांनी त्यानंतरही मला ठेवलं तर मी राहीन. भांडायचं असेल तर मात्र फोनवर नको, इथे ये. आता चार वाजत आले. आधी हे पत्र टपालात टाकते, आणि मग जाऊन सही करते.

तुझीच,
सोमी