साहेबांना वाचून दाखवलेली पत्रं

तीर्थरूप आईला,

लांबूनच पाया पडतो. म्हातारपणीच्या पेन्शनची वाढ तुला नाकारली, हे तुझ्या पत्रात वाचलं. चौकशीला आलेल्या साहेबांना तू माझी पत्रं वाचून दाखवलीस आणि वर म्हणालीस, "माझ्या लेकाला कशाची ददात नाही!" त्यांनी तेच लिहून घेतलं.

वाढ गरजूंनाच द्यावी, हे मलाही पटतं गं. पण गरज आहे का, हे विचारलं कोणाला, तर तुला! उसनी साखर आणून साहेबांना चहा पाजणारी तू, "आहे" कधी म्हणणार?

शेजारच्या मावशींना वाढ मिळाली, म्हणून अबोला धरू नकोस. त्यांचा मुलगा कागदोपत्री वेगळा राहतो, म्हणून त्याची कमाई धरली नाही; त्याला त्या तरी काय करणार?

आता खरं सांगतो. सगळं छान चाललंय, असं त्या पत्रांत लिहायचो, ते खोटं होतं. लाँड्रीत मला आठवड्यातून तीनच दिवस काम आहे. तसा दाखला मागितला, तर मुकादम हसला. "रोजंदारीवाल्याला कसला दाखला?" आणि दाखल्याशिवाय तुझा अर्ज पुन्हा घेत नाहीत. काय करावं, सुचत नाही.

बीपीची गोळी रोज घेतेस ना, की एक दिवसाआड? "रोज घेते" असंच तू लिहिशील, आणि इथे बसून मला ते खरं मानावं लागेल.

तुझा,
धाकटा