किल्ल्यांना मी ठेवलेली नावं

दि. ४ मार्च

चि. भाचीबाईस, अ. उ. आ.

फोनवर तू भराभर बोलतेस, माझ्या डोक्यावरून जातं. म्हणून कागदावर विचारते, कागदावरच सांग.

जुना फोन साबणाच्या बादलीत पडून मेला. नव्यावर तुझं ते पासवर्ड ठेवायचं ॲप आलं, सगळं जसंच्या तसं. घोळ माझाच. लॉन्ड्रीत आम्ही चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाही, कपड्याची खोट लिहितो. बटण तुटकं, खिशाला शाई. तशीच मी ॲपातली इंग्रजी नावं पुसून आपली घातली. ‘गोल फिरत बसतं’, ‘दोनदा विचारतं’, ‘उद्धट’. आता त्रेचाळीस नावांत काकांच्या आवाजाचं खातं कुठलं, ते कळत नाही.

घशाच्या ऑपरेशनआधी महिनाभर ते रोज फोनवर त्या खात्यात बोलून ठेवत होते, तुला माहीत आहेच. त्यावरून दवाखान्यातल्या बाई यंत्र तयार करणार. काका टाइप करतील, यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. वीस तारखेच्या आत रेकॉर्डिंग दिलं नाही तर दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घालतील. परक्या पुरुषाचा आवाज मी घरात चालवून घेणार नाही. काका पाटीवर लिहून माझीच थट्टा करतात. पण काल पाटी पुसून नुसते बसून राहिले.

नको असलेली नावं काढून टाकू का? लवकर लिही.

स्वतःवरचा राग तुझ्यावर काढणारी,
मावशी

दि. ९ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

काहीही काढून टाकू नकोस. आधी हात आवर, मग पुढचं वाच.

त्या खात्याला पासवर्ड नाहीच, पासकी आहे. बोट टेकवलं की उघडायचं, तेच ते. ॲपात वर किल्लीचं चित्र आहे, ते दाब. फक्त पासकीवाली नावं उरतील. मग एकेक उघड. तू वरचं नाव बदललंस, आतला साइटचा पत्ता तसाच आहे. मागच्या पानावर तो मोठ्या अक्षरांत लिहिलाय. अक्षराला अक्षर लावून बघ, कपड्याची जोडी लावतेस तसं.

आणि ‘उद्धट’ कोण गं? मी तर नाही ना?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

दि. ६ एप्रिल

चि. भाचीबाईस, अ. उ. आ.

उद्धट म्हणजे गॅसवाले. तू नाहीस, पण जागा रिकामी आहे.

किल्लीवाली सातच निघाली. सहाव्याची अक्षरं जुळली. वर मी लिहिलं होतं ‘कटकट नाही’. खोट सापडली नसेल, दुसरं काय. बोट टेकवलं आणि काका बोलायला लागले. दार उघडा, पाणी द्या, अशी बाईंनी दिलेली वाक्यं. मध्येच मला सांगतात, इस्त्री ठेव गं, वाफेचा आवाज येतोय. मी खरंच इस्त्री ठेवली. काकांनी माझं कोपर धरलं ते रेकॉर्डिंग संपेपर्यंत सोडलं नाही.

रेकॉर्डिंग वेळेत बाईंना दिलं, यंत्र परवा मिळालं. बाई म्हणाल्या, पहिलं वाक्य तुमच्या मनाचं घाला. काका किती वेळ टाइप करत होते. मग दवाखान्यात सगळ्यांसमोर यंत्र म्हणालं, “चार महिने ही एकटीच बोलतेय. आता माझी पाळी.”

आत्ता काका आतून यंत्रावर हाक मारतायत. दोनदा झाली. तिसरी येईपर्यंत मी काही उठत नाही.

आहे तेवढी माया सांभाळून ठेव.
तुझी मावशी