बिसरामभाऊंचे पऱ्हे

उदेभान,

१९४६ चा हा आषाढ मी विसरणार नाही. आल्यावर आधी जेव. भात चुलीपाशी झाकून ठेवला आहे. तीन दिवस मामाकडे लपलास, आता लपायचं कारण उरलं नाही.

विजेच्या दिव्यासाठी बनवलेलं तुझं पाण्याचं चाक जोरात फिरावं म्हणून पाटात फळी लावलीस आणि काढायची विसरलास. पाणी तुंबून शेजारच्या बिसरामभाऊंचे लावणीला आलेले धानाचे कोवळे पऱ्हे बुडाले. ते चाक फोडायलाच आले होते. मी आडवी आले. म्हटलं, माझ्या लग्नाच्या वर्षी पऱ्हे दोन दिवस पुरात होते. सासूबाईंनी पाणी काढून दिलं, हात लावू दिला नाही, आणि ते पुन्हा उभे राहिले. तसंच केलं. आज सकाळी पऱ्हे उभे दिसले तेव्हा मी बांधावरच बसून घेतलं.

आम्ही ते पऱ्हे लावायला त्यांच्याच रोवणीला गेलो आहोत. तुझी बायको रुख्मिणी रडायची थांबली, आता चिडली आहे. तिच्याशी नीट बोल. चाक शाबूत आहे. मोटारीचा डायनामो पोत्यात गुंडाळून फडताळात ठेवला. बिसरामभाऊ जाताना म्हणाले, "वयनी, पोट्ट्याले विचार, दिव्याची तार माया घरच्या ओसरीपर्यंत पुरते का."

तुझी माय