पहाटेची विमानं

जयमल्हार नगर, विमानतळामागे
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस शिवकन्येचा शि. सा. न. व शरणार्थ, वि. वि.

फोन सोडून पत्र कावून, असं वाटलं असंल. आई गेल्याचं तुम्ही फोनवर सांगितलं तेव्हा डोक्यावरून विमान चाललं होतं. मी काय, काय, करत राहिले आणि तुम्हाला ते तीनदा ओरडून सांगावं लागलं. आता फोन हातात घेतला की तोच आवाज कानात येतो. तुमचाही फोन येत नाही. म्हणून पत्र.

इकडे ठीक आहे. ह्यांचं दुकान चाललंय, खोकलाही गेला. मला अजून रडू आलेलं नाही. आईच्या मातीला आले तेव्हा बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांना चहा घेणार का विचारत होते.

कॉलनीची बातमी अशी की आवाजाच्या तक्रारी करकरून शेवटी साहेब लोक आले. आवाज मोजायचं यंत्र आमच्याच गच्चीवर ठेवलं होतं. पहाटेपासून विमानं एकामागं एक उठतात, मांडणीवरची भांडी हलतात. आता साहेब म्हणतात, वारा साथ देईल तोवर पहाटेची विमानं धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून उडवू, कॉलनीनं होकार द्यावा. सोळा तारखेच्या रविवारी बैठक आहे. यंत्र आमच्याकडे होतं म्हणून बोलायला मलाच उभं करणार आहेत. हो म्हणायचं काय आणि नाही म्हणायचं काय, मला सारखंच. काही अंगाला लागतच नाही.

जेवण वेळेवर करा. आहे ती माया तशीच राहू द्या.

तुमची,
शिवकन्या

कडा, ता. आष्टी, जि. बीड
१० फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्येस रुद्रप्पाचे अनेक आशीर्वाद. केदारनाथरावांना शरणार्थ सांगावा.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणला, हातानं लिहिलेलं पाकीट लई दिवसांनी आणलं बगा. मी बी गल्ल्यावर बसून दोनदा वाचलं.

फोन करायचं काम तुझ्या आईचं होतं. मधी विमान आलं की ती फोन कानाला तसाच धरून बसायची. मी ठेव म्हणलं तरी ठेवायची न्हाई. जाईल आता, पोरगी तिकडं हायच की, म्हणायची. मला तसं धरून बसणं जमत न्हाई.

रडू येत न्हाई म्हणून घाबरू नगंस. मला बी आलं न्हाई. सकाळी दुकान उघडतो, पेंड नि तेल मापतो, संध्याकाळी बंद करतो. भाकरी करायला शिकलोय. पयली भाकरी कुत्र्यानं हुंगून सोडली, आता खातंय.

एकच विचारतो. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला कोण राहतंय? साहेबांनी सांगितलं नसंल, तू बी लिहिलं न्हाईस. विचारून घे, मंग काय ते बोल.

उलटटपाली खुशाली कळव.

तुझा,
अप्पा

जयमल्हार नगर
२४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस शि. सा. न. व शरणार्थ, वि. वि.

तुमचं पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी मिळालं. दुसऱ्या टोकाला कोण राहतं हे मला माहीत होतं, फक्त मनात आलं नव्हतं. आम्हाला शेळीचं दूध घालणाऱ्या कडूबाई तिकडच्या माळावर राहतात. आपल्या जिल्ह्यातल्या तेलगावच्या. मेंढरं घेऊन आले आणि तिथंच राहिले, पत्र्याची थोडी घरं आहेत. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की सून नुकतीच बाळंत झालीय, लेकरू पत्र्याखालीच झोपतंय.

बैठकीला मी त्यांना सोबत नेलं आणि उभं राहून हे सांगितलं. शेजारच्या सुरेखावहिनी म्हणाल्या, इतकी वर्षं आपण सोसलं, आता त्यांनी सोसावं. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, पाळी लावा, एक पंधरवडा माळावर, एक आपल्यावर. लई आरडाओरडा झाला. मला ना राग आला ना भीती वाटली. लोक थांबेपर्यंत मी तेच म्हणत राहिले. साहेब म्हणाले, जमवू. कडूबाई म्हणाल्या, पाळी चालंल, पण फुडच्या टायमाला आमालाबी बोलवा.

सुरेखावहिनी आता माझ्याशी बोलत नाहीत. हे परवा म्हणाले की तू बोललीस ते खरं, पण झोप मलाही पाहिजे होती.

सध्या आमचा शांत पंधरवडा चालू आहे. बरं वाटेल असं वाटलं होतं. पण पहाटे जाग येते, कुठं काही वाजत नाही, आणि आई नाही एवढंच घरभर असतं. मग मी उठून मिक्सर लावते. ह्यांनी येऊन विचारलं, काय वाटतेस, तर भांड्यात काहीच नव्हतं.

तब्येतीला जपा, लेकीवर लोभ ठेवा.

तुमची,
शिवकन्या

कडा
३ मार्च २०२५

चि. शिवकन्येस अनेक आशीर्वाद.

मिक्सरचं वाचलं नि दुकान आतून लावून घेतलं. पेंडीच्या पोत्यांवर बसून मोठ्यानं रडलो. कारखान्याच्या उसाच्या गाड्या चालल्या होत्या, कुणाला ऐकू गेलं नसंल. तुला बी येईल. न्हाई आलं तरी तू लेक आमचीच.

बैठकीत तू केलंस ते ब्येस केलंस. तुझी आई असती तर सगळ्या कड्याला सांगत फिरली असती. मी एकट्या परमेश्वरला सांगितलं, तो शेजारचा कापडवाला. दुकान बी त्यालाच बघायला सांगितलंय, कारण मी तुझ्याकडं येतोय.

शांत पंधरवड्यात न्हाई येत. पहाटेची विमानं तुमच्यावर येतील तवा येतो. केदारनाथरावांना म्हणावं, झोपा खुशाल. पहाटे आपण दोघं चहा करून बसू. विमानाच्या आवाजात ऐकू आलं न्हाई तर काई बोलू नगंस, मी बी बोलणार न्हाई.

येताना बाजरीचं पीठ आणतो. भाकरी मी करीन.

तुझा,
अप्पा