गीतांजली मीच की!

१९ ऑगस्ट, मंगळवार

आणि वरून मलाच विचारते — बाई, तू कोणाची? माझ्याच हातचा वरणभात खाऊन! न्हाऊ मी घालायचं, वेणी मी घालायची, अन् सासूबाई शोधून राहिल्या गीतांजलीला. म्हटलं, गीतांजली मीच की! मान हलवते म्हातारी. "तू नाही. ती उंच होती." घ्या! म्हणजे मी काय झिजली?

शेजारची शैलजाताई दारात उभी राहून खी खी हसत होती. "गीतावहिनी, उंच टाचेची चप्पल घाला." हिचं काय जातं!

हे म्हणतात, आईचं वय झालं, लक्ष देऊ नको. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून हे स्वतः कशाला लक्ष देतात? मीच नेते डॉक्टरकडे.

२१ ऑगस्ट

आमच्या कांचघर मोहल्ल्यातून ऑटो करून नेलं. डोक्याचा डॉक्टर. म्हटलं, सरळ सांगा, मी चौथी शिकली. डोक्यात एक रस असतो म्हणे. नाव सांगितलं, काहीतरी कोलीन. एका नसेचा निरोप दुसऱ्या नसेला तोच पोचवतो. म्हातारपणी तो कमी पडतो, मग आजचं आत जातच नाही. जुनं खाली बसलेलं असतं, ते शेवटी जातं. सकाळची गोळी दिली. रस खाऊन टाकणारं जे असतं, त्याला ती अडवते.

विचारलं, बऱ्या होतील? "अम्मा पूरी ठीक नहीं होंगी जी. थोड़ा साफ़ दिखेगा, कुछ दिन."

चलो, तेवढं तर तेवढं.

२२ ऑगस्ट

आज म्हणाल्या, "गीतांजलीचे केस ओले आहेत, पुसून दे." माझ्या मागं बघून. मागं कोणी नव्हतं. तरी मी वळली!

२९ ऑगस्ट

फरक शून्य. उलट बसल्या जागी पेंगतात, तोंड कोरडं, जीभ लाकडासारखी. आज शर्ट धुवायला घेतला तर ह्यांच्या खिशात गोळ्यांचं पाकीट. सर्दी-खाजेची जुनी पिवळी गोळी. विचारलं तर रोज संध्याकाळी आईला दुधातून देऊन राहिले! डॉक्टरांना फोन लावला तर ते ओरडलेच — "बंद करो! हम बाल्टी भर रहे हैं, आप नीचे छेद कर रहे हो." ती गोळी तोच रस मारते. घरातल्या घरात हा उद्योग!

ह्यांना विचारलं, काहून? "झोप लागते. बडबड कमी होते."

आईची बडबड तुम्हाला एवढी काहून टोचते?

गोळ्यांचा डबा आता माझ्या कपाटात. किल्ली कमरेला.

६ सप्टेंबर

साफ! खरंच साफ! माझ्या लेकाचा, विपुलचा पुण्याहून फोन आला तर विचारतात, "नवीन साहेब कसा आहे रे?" मागच्या आठवड्यातली गोष्ट! शैलजाताईला म्हणाल्या, "तुझं हसणं भिंतीतून ऐकू येतं हो." मी पोट धरून हसली.

मग जेवताना — "बेबी, वरणात मीठ नाही."

घास हातातच राहिला. बेबी माझं माहेरचं नाव. ते शहपुऱ्यात राहिलं. या घरात पहिल्या दिवसापासून मी गीतांजली. हळूच विचारलं, आई, मग गीतांजली कोण?

डोळे एकदम स्वच्छ. "आधीची."

हे ताटावरून उठले.

९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. सासूबाई सकाळीच म्हणाल्या, "गीतांजलीची नवमी आपण एकदाही केली नाही. सवाष्ण सांग. शैलजा चालेल."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची असते ती नवमी! तिच्या नावानं सवाष्णीला जेवू घालायचं, ओटी भरायची. अन् नाव माझं! मी जिवंत उभी, हातात लाटणं!

हे म्हणाले, आईचं डोकं फिरलं. म्हटलं, फिरलेलं होतं तेव्हा तुम्ही मजेत होते. ठिकाणावर आलं तर घाम फुटून राहिला.

दिवसभर एकच आठवत होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नाव लिहायचं. ह्यांनी कोणाला न विचारता लिहून टाकलं. सासूबाई रडल्या. मला वाटलं, आनंदानं.

१२ सप्टेंबर

बोलले एकदाचे. "फॅक्टरीच्या क्वार्टरच्या कागदांवर बायकोचं नाव गीतांजली होतंच. दुसरं लावायचं तर तिचं मरण लिहून द्यावं लागलं असतं."

मग द्यायचं होतं लिहून!

ह्यांनी हात पुढं केला. "ती पिवळी गोळी दे. आईला त्रास होऊन राहिला."

नाही दिली. सांगून टाकलं — सोमवारी नवमी आहे. शैलजाताईला जेवायला बोलावलं आहे. ताट मांडायच्या आत मला सांगायचं, ती मेली कशी?