आज पानी कवा

बाबा, तू शिवलेल्या वहीची शेवटची चार पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. वाण्यानं दिलेल्या कॅलेंडरांची पानं तू उलटी करायचास, कोऱ्या बाजू वर आणून जाळ्याच्या दोऱ्यानं शिवायचास. दोरा अजून घट्ट आहे, कागद तेवढा कडांनी पिवळा पडलाय. आज शुक्रवार आहे, दुपारचे साडेतीन वाजलेत. आज मी घरूनच काम करते आहे. आई आत सुका जवळा भाजते आहे. वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार येऊ नये म्हणून तिनं खिडकी लावून घेतली आहे. आम्ही खारघरला राहतो, भाड्याच्या घरात. सहा वर्षांत हे तिसरं घर, आणि प्रत्येक घर आधीच्यापेक्षा स्टेशनपासून थोडं लांब. या घराच्या मालकांनी करार संपायच्या तीन महिने आधीच सांगून ठेवलं आहे, "ताई, तुम्ही चांगले लोक आहात, पण मार्केट रेटनं द्यावं लागेल." ते खोटं बोलत नाहीत. मी चौकशी केली, रेट तोच आहे.

मी बंदरातल्या मालाची कागदपत्रं तपासायचं काम करते. कंटेनरचा नंबर, वजन, मालाचं वर्णन, सगळं एका कागदावरचं दुसऱ्या कागदाशी जुळतंय की नाही ते पाहायचं. एक आकडा चुकला तर माल अडकतो. हे काम मला जमतं, कारण मी प्रत्येक गोष्ट तीनदा पाहते. आता आमची कंपनी इंदूरजवळ ऑफिस उघडते आहे. तिथे समुद्र नाही, पण कंटेनर रेल्वेनं तिथवर जातात आणि तपासणी तिथेच होते. मॅडमनी माझं नाव सुचवलं. पगार तोच, पण तिथलं भाडं इथल्या निम्म्याहून कमी.

"इथे एवढं भाडं भरून काय मिळतं गं तुला?" मॅडम म्हणाल्या. "तिकडे गच्चीसकट घर घेशील. आईलापण मोकळं वाटेल."

"विचार करते, मॅडम."

"कर. पण पुढच्या शुक्रवारी पाचच्या आत मेल टाक. तू विचार करायला बसलीस की दिवाळी उजाडते."

ऑफिसातले सगळे हसले, मीही हसले. मग दहा दिवस विचार केला. कागदाच्या एका बाजूला जाण्याची कारणं लिहिली, दुसऱ्या बाजूला राहण्याची. जाण्याची बाजू पटकन भरली. राहण्याच्या बाजूला मी लिहिलं होतं, 'आपलं गाव'. मग माझ्याच सवयीप्रमाणे ते खरं आहे का, हे तपासायला बसले. गावातली जागा तू गेल्यावर काकांच्या वाटणीत गेली. शेताचे आलेले पैसे माझ्या पायाच्या दुसऱ्या ऑपरेशनला आणि कॉलेजला लागले. द्रोणागिरीच्या बाजूला आपलं खाचर होतं तिथे आता गोदामं आहेत. सात वर्षांत मी एकदाही तिकडे फिरकलेली नाही. तरी 'आपलं गाव' खोडवेना. का खोडवत नाही हे कळायला मला आपल्या जुन्या घरातल्या माझ्या खाटेपर्यंत जावं लागलं.

माझ्या खुब्याला प्लास्टर होतं ते दीड वर्ष. इतर मुलं शाळेत जात होती आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर पडून. तू कॅलेंडर भिंतीवरून काढून खाटेच्या वर, माझा हात पोचेल असं लावलंस. वाचायला मी त्यावरूनच शिकले. आधी वार, मग तिथी, मग ग्रहणाची बारीक अक्षरं. बे एके बे शिकायच्याही आधी तू मला पाऊणकी शिकवलीस, कारण तुझ्या कामाला तीच लागायची. गावच्या बांधावरची उघाडी, खाडीच्या पाण्याचं दार, तुझ्याकडे होती. भरती चढायच्या आधी फळ्या बसवायच्या, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. ओहोटीला फळ्या काढायच्या, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत उतरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. आणि भरतीच्या दोन तास आधी तू बांधावर.

रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन तू खाटेशी येतोस. आठवताना मला तो कप आजही समोर दिसतो, कानाशी टवका उडालेला.

"मास्तरीन, आज पानी कवा?"

मी बोट ठेवून तिथी वाचते, मनात पाढा म्हणते आणि वेळ सांगते. तू मान हलवतोस आणि त्या वेळेनुसार निघतोस. सात वर्षांच्या मुलीला यातून एकच गोष्ट कळली होती. सगळ्या गावाचं भात मी सांगितलेल्या वेळेवर उभं आहे.

श्रावणातली वद्य द्वितीया होती. पौर्णिमेनंतरचं मोठं उधाण. भरती दीड वाजता, म्हणजे साडेअकराला तुला फळ्या बसवायला हव्या होत्या. तू विचारलंस आणि मी म्हणाले, "तृतीया. सव्वादोन." तू कॅलेंडरकडे पाहिलं नाहीस. खाटेच्या कडेला बसलास आणि मला पाऊणकी उलटी म्हणायला लावलीस, पंधरापासून खाली. मी कुठेतरी अडकले की तू मुद्दाम चुकीचा आकडा सांगायचास आणि मी ओरडून दुरुस्त करायची. आई आतून म्हणाली, "आज बांदावर जायाचा नाय का?" तू म्हणालास, "मास्तरीन सोरत नाय." सव्वाबाराला तू उठलास. तोवर पाणी उघाडीतून आत आलं होतं.

बांधाला लागून शेजारच्या काकांचं खाचर होतं. आठ दिवसांत त्याचा अर्धा भाग पिवळा पडला. ते अंगणात आले तेव्हा मी खाटेवरून सगळं ऐकत होते.

"काय रं, उघाडी सोरून पोरीसंगती पोथी वाचत बसला व्हतास काय?"

"झोप लागली, दादा," तू म्हणालास. "माजी चूक."

"दुपारच्याला झोप? उधानाच्या दिवशी?"

"माजीच चूक," तू पुन्हा म्हणालास.

पुढच्या वर्षी गावानं उघाडी दुसऱ्याला दिली आणि तू कंटेनर यार्डात वॉचमन झालास. मी चालू लागले, शाळेत गेले, थेट तिसरीत बसले. या वहीतलं माझं अक्षर त्या वर्षापासून बदललेलं दिसतं, बारीक आणि दाबून काढलेलं. मी सगळं मोजू लागले, दाराची कडी, दप्तरातली पुस्तकं, ताटातल्या भाकरीचे तुकडे. तू माझ्यावर एकदाच रागावलास, ते यावरून. "इतका मोजशील त जेवशील कवा?" म्हणालास आणि ताट पुढे सरकवलंस. मला वाटलं, तुला माझी चूक माहीत आहे आणि तू ती मनात ठेवून बोलतो आहेस. मग मी बारा वर्षांची असताना तू कावीळ होऊन गेलास आणि विचारायचं राहिलं.

म्हणून 'आपलं गाव' खोडवत नव्हतं. ज्या गावाचं भात मी बुडवलं, जिथली तुझी उघाडी माझ्यामुळे गेली, ते परवडत नाही म्हणून सोडून जायचं, हे मला पळून गेल्यासारखं वाटत होतं. भाडं हे कारण खरं आहे, पण ते सोयीचंही आहे, आणि सोयीच्या कारणावर माझा पटकन विश्वास बसत नाही.

रविवारी मी आईला म्हटलं, "बांध बघून येऊ." कशाला, असं तिनं विचारलं नाही. चप्पल घातली आणि निघाली. बसमधून उतरून आम्ही गोदामांच्या भिंतीकडेनं चालत गेलो. ट्रेलर एकामागे एक उभे होते आणि त्यांच्या सावलीत चालक कांदा चिरत होते. भिंत संपली तिथे बांध दिसला. दोन्ही बाजूंनी खारफुटी वाढलेली, उघाडीचे दगडी खांब आहेत, फळ्या नाहीत. पंचमी होती. पाच पाऊण पावणेचार. आम्ही अडीचलाच पोचलो होतो. आईनं पदर डोक्यावरून घेतला आणि खांबाला टेकून बसली. पाणी आलं. आधी चिखल चमकू लागला, मग खेकडे बिळात गेले, मग दोन खांबांमधून ते सरळ आत शिरलं, जिथे आता भिजण्यासारखं काही नाही तिथे. पावणेचारला ते थांबलं. मी मोबाइलवर वेळ पाहिली. पाढा बरोबर होता.

तेव्हा मी आईला सांगितलं. त्या दिवशी मी तिथी चुकले नव्हते, बाबा. कॅलेंडरवर द्वितीया स्पष्ट लिहिलेली होती आणि मला ती नीट वाचता येत होती. तू थोडा वेळ जास्त बसावास म्हणून मी पुढची वेळ सांगितली.

आईनं पाण्याकडे पाहतच विचारलं, "आनि?"

"आणि काय? माझ्यामुळे बाबाची उघाडी गेली."

"तुजा बाबा लानपनापासून पानी बगत व्हता. त्याला वेल सांगाया सात वर्साची पोर लागत व्हती काय?"

मी उघाडीच्या खांबाचे दगड मोजू लागले.

"त्याला ठाव व्हता," आई म्हणाली. "मी आतून आवाज दिला, तवा माज्याकरं बगून हासला. तुज्या प्लास्टरचा वास येई. कोन जवल बसत नव्हता तुज्या. तुजी आजीपन दारातून बोले. तो बसला. त्याला वाटला, पानी जरा थांबल. नाय थांबला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलास कवा?"

ती उठली, साडीचा चिखल झटकला आणि म्हणाली, "चल, बस चुकल."

बसमध्ये मला हलकं वाटायला हवं होतं. खरं सांगते, तसं वाटलं नाही. बावीस वर्षं मी एक चूक माझी म्हणून सांभाळली होती. नोकरी तिच्यावर मिळवली होती, म्हटलं तरी चालेल. ती निम्मी तुझी निघाली आणि मला थोडा रागच आला. रोज सकाळी तू मला विचारायचास ते काम म्हणून नव्हतं, शिकवण्यासाठी होतं, एवढी साधी गोष्ट मी तपासलीच नव्हती. खारघरला उतरेपर्यंत राग गेला. मग नुसता तू दिसत राहिलास, खाटेच्या कडेला, घाई असून न उठणारा.

घरी येऊन कागद काढला आणि 'आपलं गाव' खोडलं. त्यानंतर राहण्याच्या बाजूला उरलं ते एवढंच, की आईला इथले मासे मिळतात आणि मला इथले रस्ते ठाऊक आहेत. ती कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्यासाठी दर दोन वर्षांनी घर बदलत राहण्याइतकी मोठीही नाहीत. इंदूरला चांगलं होईलच असं मी म्हणत नाही. तिथे जाऊन मी चुकेनही. तू गणित बरोबर आलं की म्हणायचास, "आता पानी बगून ये." तेवढंच करायचं ठरवलं आहे.

आज दुपारी एक वाजता मी मेल पाठवला. येते, असं लिहिलं. तीनदा वाचून पाठवला.

आता जे सांगायचं आहे ते तुलाच सांगता येईल. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. उत्तर कधी द्यायचं, असं तिनं सुरुवातीलाच विचारलं होतं, तेव्हा मी महिनाअखेर सांगितली. शुक्रवार सांगितला असता तर ती लगेच "माजी फिकीर करू नको, जा" म्हणाली असती आणि बोलणं तिथेच संपलं असतं. मला ते संपवायचं नव्हतं. म्हणजे पुन्हा मी पुढचीच वेळ सांगितली, आणि या वेळी द्वितीया तृतीया असा गोंधळ झाला असंही म्हणता येणार नाही.

ही पानं कुठे पाठवायची नाहीत. वही मिटून कपाटात ठेवीन, इंदूरला नेईन. मघाशी पाणी प्यायला आत गेले तर ओट्यावर स्टीलचे चार मोठे डबे उघडे होते. दोन भरले होते आणि तिसऱ्यात आई जवळा दाबून भरत होती. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, ती अशी आगोट भरते. आता तर अजून थंडीही पुरती गेलेली नाही.

"एवढ्या लवकर आगोट?" मी विचारलं.

"पानी कवा चरल, कोनी सांगावा," ती म्हणाली.

"उत्तर द्यायला अजून आठ दिवस आहेत, आई."

"बरा," ती म्हणाली. गॅस बंद केला, हात पुसले, आणि आता इथे माझ्याजवळ येऊन बसली आहे.